वाचनालयाची गाठ

पुंजाजीत खोट अशी एकच होती, पण ती फार वाईट होती. दुसऱ्याची चूक तो उचलून आपल्या नावावर करून घ्यायचा. बाकीचे नवरे आपली चूक बायकोच्या माथी मारतात, चारचौघांत आवाज चढवतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय तरी राहते. ह्या माणसानं भागिरथाबाईला तेवढी सोयसुद्धा ठेवली नव्हती.

गाठीचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हाही त्यानं तेच केलं. सकाळी चहाच्या हॉटेलात बसून सांगितलं, "चूक माही हाय बाप्पा. मीच म्हनलं होतं, गाठ बांधून टाका म्हून." दुपारी चक्कीवर दळण ठेवताना तेच. संध्याकाळी मेडशीकडून आलेल्या एस्टीच्या कंडक्टरला, ज्याचं अनसिंग गावाशी तिकीट फाडण्यापलीकडे काही देणंघेणं नव्हतं, त्यालाही थांबवून तेच. तिसऱ्या दिवशी शेजारची दुर्गाबाई कुडावरून डोकावली अन् हळहळत म्हणाली, "कसं वो बाई, तुह्या मालकानं त लयच घोळ करून ठेवला म्हनतेत!"

भागिरथाबाईनं हातातली परात खाली आपटली. "कोन म्हनते?"

"थेच सोता सांगून राह्यले गावभर."

"खोटं बोलून राह्यले. घोळ म्या केला. त्यायच्या डोक्यात एवढी मोठी गोष्ट येते काय?"

दुर्गाबाईचं डोकं कुडाआड गेलं. भागिरथाबाई मात्र बराच वेळ धुमसत राहिली. अठरा हंगाम तिनं वाशीमच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, काढले होते. कापसातली कवडी, म्हणजे किडकी बोंडं, वेचून बाजूला काढण्यात तिच्या हाताला हात नव्हता. जिनातल्या मुकादमानं तिच्या टोपल्यातलं बोंड कधी दुसरीच्या नावावर टाकलं नाही, टाकायची त्याची छाती नव्हती. अन् आता घरचा माणूस तिची अख्खी चूक पळवून नेत होता.

चूक तशी छोटी नव्हती. तिचं वजन चार क्विंटल होतं.

धर्मांतरानंतर दोन वर्षांनी, अठ्ठावन्न साली, वस्तीतल्या लोकांनी विहाराला लागून एक खोली बांधली अन् वाचनालय काढलं. शाळेत शिपाई असलेला पुंजाजी सेक्रेटरी झाला. शाळेची नोकरी संपली, सेक्रेटरीपण संपलं नाही. वाचनालयात आलेला कागद बाहेर जाता कामा नये, असा त्याचा नेम होता. सोळा वर्षांचे पेपर, अहवाल, सभेच्या नोटिसा, झाडूच्या पावत्या, सगळं त्यानं सुतळीनं बांधून रचून ठेवलं. आधी खोली भरली. मग वाचणारे बाहेर ओट्यावर बसू लागले. मग ओटाही भरला, अन् कागद घरी आले. घरात ते आधी माळ्यावर होते, मग कोठीत, मग पलंगाखाली. ज्या दिवशी भागिरथाबाईच्या भाकरीच्या टोपल्याखाली एकोणसत्तर सालचा मार्च महिना निघाला, त्या दिवशी तिनं ठरवलं की आता हद्द झाली.

"गाडीभर कापूस प्रेसमंदी घालतेत," ती म्हणाली, "आन लाकडी पेटीएवढी गाठ निंगते. कापूस दबते त कागद काहून दबत नाई?"

पुंजाजीनं मान डोलावली. एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

हंगामाचा शेवटचा दिवस होता. प्रेसवर तय्यब मिस्त्री होता, तिच्या ओळखीचा, अठरा वर्षांच्या चहाचा. मॅनेजर साहेब लग्नाला गेले होते. खेमाच्या बैलगाडीतून सोळा वर्षं उतरली, पेटीत गेली. ती भरण्याचं काम भागिरथाबाईनं कुणाच्या हाती दिलं नाही. चांगली वस्तू मधोमध ठेवायची, म्हणजे तिला ना ओल लागत ना उंदीर, हे तिला ठाऊक होतं. म्हणून वाचनालयाचं सगळ्यात जुनं रजिस्टर तिनं आपल्या हिरव्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं अन् बरोबर मधोमध ठेवलं. तय्यबनं प्रेस दाबली. वर तरट, त्यावर लोखंडी पट्ट्या, अन् सवयीनं काळ्या रंगात नंबरही टाकला.

गाठ आली ती खेमाच्या गाडीतून, वाजतगाजत म्हणायला हरकत नाही. सहा माणसांनी उतरवली तेव्हा कळलं की वाचनालयाचं दार तिच्यापेक्षा चार बोटं अरुंद आहे. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. शालिग्राम पोस्टमन, जो निवृत्त झाल्यापासून गावाला फुकट सल्ला वाटत होता, म्हणाला, "दाराची चौकट काढा." चौकट काढली तर भिंत हलली. मग चौकट बसवली अन् गाठ लिंबाखाली ठेवली, वर ताडपत्री. बसायला इतकी उत्तम जागा गावात दुसरी नव्हती. तीन महिने वाचनालयातले लोक तिच्यावर बसून नवे पेपर वाचत होते अन् भागिरथाबाईचं नाव घेत होते. खोली मोकळी, ओटा मोकळा, पलंगाखाली नुसती हवा. ते दिवस तिच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते.

श्रावणात जिल्ह्याहून पत्र आलं. येत्या बुधवारी तपासणीसाठी साहेब येत आहेत. वाचनालय अठ्ठावन्न सालापासून चालू असल्याचा पुरावा म्हणून मूळ रजिस्टर दाखवावं. न दाखवल्यास मान्यताप्राप्त यादीतून नाव कमी होईल.

पुंजाजीनं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "रजिस्टर कुठं ठेवलं बरं आपुन?"

भागिरथाबाईनं लिंबाकडं पाहिलं. "गाठीत," ती म्हणाली. अन् खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पुढंही बोलली, "मधोमध."

त्याच संध्याकाळपासून पुंजाजीनं ती चूक आपली म्हणून सांगायला सुरुवात केली.

आता गाठ फोडायची तर कशी, ह्यावर सगळ्या गावाला मत होतं. शालिग्राम म्हणाला, "हात लावू नोका. प्रेसची गाठ हाय. पट्टी तोडली की फुटते. एका जाग्यावर गाठ फुटली त मानूस छपरावर सापडला होता, हातात बिडी तशीच पेटलेली." दुर्गाबाईचं म्हणणं पडलं की रॉकेल टाकून ठेवावं, गंजलेला नटबोल्ट सुटतो तशी गाठ सुटेल. भागिरथाबाईनं विचारलं, "आन साहेबाले काय, वास दाखवू?" शेवटी ठरलं की जिथं दाबली तिथंच सोडवावी. पुन्हा सहा माणसं, पुन्हा खेमाची गाडी. पुंजाजीला घरी ठेवून भागिरथाबाई स्वतः गाडीवर बसली. चूक आपली आहे हे निदान बैलांना तरी कळावं.

वाशीमच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली. कापसाची खरेदी सरकारनं आपल्या हाती घेतल्यापासून कापूस इकडचा तिकडे होऊ नये म्हणून तिथं एक कारकून बसायचा. श्रावणात कापूस कुठला, म्हणून तो खाटेवर झोपला होता. नंबर टाकलेली गाठ बघून तो असा उठला की त्याची नोकरी आजच सुरू झाली असावी.

"कापूस कुठं चालला?"

"कापूस नाई, वाचनालय हाय," भागिरथाबाई म्हणाली.

कारकुनानं एकदा तिच्याकडं, एकदा खेमाकडं पाहिलं. खेमा बैलांकडं पाहू लागला. मग कारकुनानं नमुना काढायचा लोखंडी आकडा आणला, तरटातून आत खुपसला अन् ओढला. आकड्याला कापूस आला नाही. पेपराचा एक तुकडा आला, त्यावर साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा अर्धा चेहरा होता.

कोणत्याही शहाण्या माणसानं ह्यानंतर गाडी सोडली असती. पण कारकुनाकडं छापील फॉर्म होता, अन् फॉर्मात मालाच्या नावापुढं 'कापूस' आधीच छापलेलं होतं. खोडायचा अधिकार त्याला नव्हता. त्यानं तासभर डोकं खाजवलं, दोनदा पाणी पिऊन घेतलं, अन् फॉर्म भरला. माल, कापूस. गाठी, एक. दर्जा, अत्यंत हलका, छापील मजकूर आढळतो. शेरा, खरेदीस अपात्र, मालकास गावी परत न्यावा.

"अरे पन मले तिकडं जायचं हाय, जिनात!"

"अपात्र माल पुढं जात नाई बाई. परत जाते."

"हलका दर्जा?" गाडी वळल्यावर भागिरथाबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माह्या हातच्या मालाले आजवर कोनी हलका म्हनलं नाई. आन म्हनलं त कोनी, ज्याले कापूस आन बाई वळखता येत नाई त्यानं!" खेमानं अनसिंग येईपर्यंत बैलांशीच बोलणं पसंत केलं. शहाणा माणूस.

मंगळवारी सकाळच्या एस्टीनं तय्यब मिस्त्रीच आला. एस्टीच्याच कंडक्टरकडून निरोप गेला होता, अन् निरोपात कंडक्टरनं आपल्या मनानं "चूक पुंजाजीची" हेही सांगितलं होतं. तय्यबच्या हातात छन्नी, हातोडा, डोक्याला रुमाल. आल्या आल्या त्यानं गाठीभोवती फेरी मारली, डॉक्टर पेशंटभोवती मारतो तशी.

"भागिरथा बहेन, सब लोक पिछे. पट्टी सुटली त मानसाचा पाय घेऊन जाते."

अख्खी वस्ती भिंतीआड गेली. शालिग्राम विहाराच्या मागं गेला अन् तिथून सूचना देऊ लागला. दुर्गाबाईनं कोंबड्या झाकल्या. तय्यबनं बाजूला उभं राहून, तोंड फिरवून, पहिल्या पट्टीवर घाव घातला. टण्ण. सगळ्यांनी डोळे मिटले. दुसरी पट्टी. टण्ण. तिसरी, चौथी, शेवटची. तय्यब उडी मारून लिंबामागं झाला.

काहीच झालं नाही.

गाठ होती तशीच बसून होती. एक मुंगी तिच्यावर चढली अन् दुसऱ्या बाजूनं उतरली. भिंतीआडून एकेक डोकं वर आलं. तय्यब परत आला, गाठीला हात लावला, पायानं ढकलली. त्याचा चेहरा पडला. "कापसाले जान असते बहेन, त्याले सोडलं की थो श्वास घेते. हे त फत्तर झालं. तीस साल झाले, माही गाठ सुटली अन् उठली नाई असं कधी झालं नाई."

"तुमचा काय दोष," पुंजाजी लगेच पुढं आला. "चूक त माही..."

"तुमी गप बसा!" भागिरथाबाई ओरडली.

तिनं घरातून भाकरी उलथायचा सराटा आणला. गाठीच्या वरच्या कडेला घातला, हलक्या हातानं सरकवला, तव्यावरची भाकर सोडवतात तसा. वरचा पेपर सुटला. अख्खा. दुसरा सुटला. पावसाची ओल लागून ते चिकटले होते, दामटल्यास फाटत होते, गोंजारल्यास सुटत होते. "असं हाय त," ती म्हणाली. "बोलवा साऱ्याइले."

आता गाठ उलगडायला माणसं मिळाली भरपूर, अन् तिथंच काम बसलं. वस्तीत शिकलेले लोक पुष्कळ होते अन् त्याचा तिला अभिमानही होता, पण त्या दिवशी कळलं की शिकलेला माणूस कागद सोडवायच्या कामाचा नाही. तो एक पेपर सोडवतो अन् उभ्या उभ्या वाचू लागतो. "अबे, ह्या साली तुरीले काय भाव होता पाय!" म्हणत दुसऱ्याला बोलावतो. मग दोघं भांडतात. तय्यब एका सिनेमाच्या जाहिरातीवर तासभर खिळला. शालिग्रामला एक जुनी बातमी सापडली, अन् ती तेव्हाही खोटी होती असं तो सगळ्यांना सांगत सुटला. सगळ्यात वाईट हाल पुंजाजीचे. प्रत्येक पेपर त्यानं एकदा वाचून जपून ठेवलेला होता, तो आता नातेवाईक भेटावा तसा प्रत्येकाला भेटत होता. दुपारपर्यंत गाठ फक्त एक वीतभर उतरली होती.

भागिरथाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. "ज्याले ज्याले वाचता येते त्यानं त्यानं इथून उठावं."

"अवं पन..."

"उठावं म्हनलं ना!"

मग तिनं जिनातल्या जुन्या बायका बोलावल्या, दहा-बारा जणी, ज्यांनी आयुष्यात कागद कधी वाचला नव्हता. प्रत्येकीच्या हाती सराटा दिला. कवडी वेचायला बसतात तशी रांग लावली. एक पेपर सोडवायचा, मागं द्यायचा, त्यावर दगड ठेवायचा, पुढचा घ्यायचा. कुणी काही वाचलं नाही, म्हणून कुणी थांबलं नाही. वाचनालय असं सपासप खाली येऊ लागलं की बाहेर बसलेले शिकलेले लोक लाजून चहा करून आणू लागले. फक्त एकदा रांग अडली. एका जुन्या पेपरात एस्टीचं वेळापत्रक होतं, अन् ते भागिरथाबाईच्या हातात आलं. तिला अक्षरं येत होती, जोडाक्षर आलं की मात्र गाडी खड्ड्यात जायची. तिनं बोट ठेवून पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत सगळं वाचलं. सगळ्या बायका सराटे धरून वाट पाहत होत्या.

बुधवारी साहेब आले तेव्हा गाठ गुडघ्याएवढी उरली होती अन् रजिस्टर अजून आत होतं.

साहेब तरुण होते, चष्म्याचे, हातात पिशवी. अख्खा चौक कागदांनी अन् दगडांनी भरलेला पाहून ते जरा बिचकले, अन् पाय ठेवायला जागा नाही म्हणून समोर जो एकच ठोकळा दिसला त्यावर बसले.

"वाचनालयाचे सेक्रेटरी कोण? मूळ रजिस्टर आणा."

पुंजाजी हात जोडून पुढं झाला. "जयभीम साहेब. रजिस्टर अडकलं हाय. चूक माही हाय, मी..."

"खोटं हाय साहेब!" भागिरथाबाई दोघांच्या मधे उभी राहिली. सराटा हातातच होता, त्यामुळे साहेबांनी पिशवी छातीशी धरली. "ह्यायचं काही ऐकू नोका. गाठ बांधायची अक्कल माही. रजिस्टर मधात ठेवायची अक्कल बी माही. नाव कमी करायचं त यादीतून ह्यायचं नोका करू, वाचनालयाचं बी नोका करू. माहं करा."

"तुमचं नाव यादीत नाही बाई," साहेब गोंधळून म्हणाले. "पण पुरावा नसेल तर मला लिहावंच लागेल. माझ्या हातात काही नाही. रजिस्टर आहे तरी कुठं?"

"तुमी त्याच्यावर बसले."

साहेब ताडकन उठले. बायका सरसावल्या. दहा सराटे एकदम लागले. बासष्ट साल गेलं, एकसष्ट गेलं. साठ सालातला एक पेपर साहेबांनी उचलला अन् वाचायला लागले, तो भागिरथाबाईनं त्यांच्या हातून काढून घेतला. "वाचनाऱ्याइनं तिकडं बसावं साहेब. इथं काम चालू हाय." साहेब निमूट शालिग्रामशेजारी जाऊन बसले.

मग हिरवं लुगडं दिसलं.

रजिस्टर भाकरीएवढं पातळ झालं होतं, पण कोरडं होतं. पुंजाजी चष्माच पुसत राहिला, म्हणून पान तय्यबनं उलटलं. पहिल्या पानावर तारीख, साल अठ्ठावन्न, खाली सभासदांची नावं, कुणाची सही, कुणाचा अंगठा. साहेबांनी चष्मा वर केला, तारीख दोनदा पाहिली अन् हसले. "झालं. वाचनालय राहिलं."

बायकांनी सराटे वाजवले. तय्यबनं रुमाल हवेत उडवला. साहेब मात्र पानं उलटत मागं गेले, पुस्तकं नेल्या-आणल्याच्या नोंदींपर्यंत, अन् थांबले. "ही पहिलीच नोंद. पुस्तक क्रमांक एक, अंकलिपी. नेणाऱ्याचं नाव, भागिरथाबाई पुंजाजी. परत केल्याची तारीख कोरी आहे. सोळा वर्षं?"

बायकांनी सराटे खाली ठेवले.

"म्या?" भागिरथाबाई म्हणाली. "म्या कधी वाचनालयात पाय ठेवला नाई तवा! मले कुठं अक्षर येत होतं?"

सगळ्यांनी पुंजाजीकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "पहिल्या दिवशी," तो हळू म्हणाला, "सारे आले, फुलं वाह्यली, भाषनं झाली. पन पुस्तकाले कोनी हात लावला नाई. खराब होईन म्हून भ्यायले. पुस्तक एक बी गेलं नाई त वाचनालय सुरू झालं कसं म्हनावं? म्हून म्या तुह्या नावानं नेलं."

भागिरथाबाईला ती अंकलिपी आठवायची गरज नव्हती. ती घरात पेटीत होती, कव्हर गेलेली, हळदीचे डाग पडलेली. चुलीपाशी बसून, भाकर थापता थापता, ह्याच माणसानं तिला तिच्यातून अ, आ, इ दाखवलं होतं. ती त्यानं बाजारातून आपल्यासाठी विकत आणली, असं ती सोळा वर्षं धरून चालली होती. चारचौघींत सांगूनही झालं होतं.

साहेबांनी पेन उघडलं. "पुस्तक जमा करून घ्यावं लागेल. इथं काय लिहू?"

भागिरथाबाईनं पदर खोचला. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, अन् सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"तुमी लबाड आहा. सेक्रेटरी म्हून त बिलकूल कामाचे नाई. माह्या नावानं पुस्तक नेते, मले सांगत नाई, आन सोळा वर्सं मले बाकीदार करून ठेवते. मास्तर म्हून मात्र चालून गेले. पुस्तक मी देत नसते. माहं जोडाक्षर आजून राह्यलं हाय, थे तुमालेच शिकवा लागन. घ्या पेन, आन साहेबासमोर त्या कोऱ्या जागी लिवा — वाचून राह्यली."